पदकाची वाट वीटभट्टीवरून जाते: भारतीय अश्वारोहण महासंघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी,
भारतीय अश्वारोहण महासंघ, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

२६ सप्टेंबर २०२३ ला चीनमधल्या टोंगलूच्या मैदानावर सुदीप्ती हजेला, दिव्याकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी हांगझो आशियाई स्पर्धेतलं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली डौलाने करून घेण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी आम्ही पागेत वावरणारी माणसं एकमेकांना फोन करून टक्क्यांतल्या गुणांचे आकडे वाचून दाखवत होतो. अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्याकृती ६८.१७६. चारांपैकी वरचे तीन धरायचे, म्हणजे २०९.२०५. यजमान चीन २०४.८८२ वर थांबला, हाँगकाँग त्याच्याही किंचित खाली. दोन दिवसांनी अनुषने एट्रो या घोड्यावर वैयक्तिक कांस्यही मिळवलं. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचं सुवर्ण आपल्याला ४१ वर्षांनी मिळत होतं. ड्रेसाज म्हणजे काय हे ज्यांनी कधी ऐकलंही नव्हतं, त्यांनी त्या आठवड्यात घोडा तिरपा कसा चालतो ते बघितलं.

मी पुणे जिल्ह्यात घोड्यांवर उपचार करणारी पशुवैद्य आहे. माझा संबंध रक्ताच्या नमुन्यांशी, पोटशुळाशी, लंगडणाऱ्या पायांशी. त्यामुळे त्या पदकाकडे बघताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो घोड्यांचा. एट्रो, एमराल्ड, अ‍ॅड्रेनलिन फिरफोड आणि चिन्स्की. या चौघांपैकी एकही घोडा भारतातल्या पागेतून निघून टोंगलूला गेला नव्हता. चौघेही युरोपात राहत होते, आणि म्हणून स्वारांनाही युरोपात राहावं लागलं होतं. अनुष विशीच्या आत कोलकाता सोडून जर्मनीला गेला. इंदूरची सुदीप्ती फ्रान्समध्ये शिकत होती, दिव्याकृती जर्मनीत. आपला मुंबईचा हृदयही तिकडेच तयार झाला. या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे केलं त्याबद्दल मला निखळ आदर आहे. पण देशाचं पदक मिळवण्यासाठी देशच सोडावा लागतो, अशी अट आपण या खेळाला का घालून ठेवली आहे, हे मला तुमच्यापुढे जाहीरपणे मांडायचं आहे.

लोक म्हणतात, हा श्रीमंतांचा खेळ, पैसा असेल तो जाईल. पैसा लागतो हे खरंच. पण पैशाच्याही आधी एक भिंत उभी आहे आणि ती घोड्याच्या रक्तात आहे. दुसऱ्या देशात घोडा न्यायचा, स्पर्धा खेळवायची आणि परत आणायचा, तर त्या देशाला खात्री हवी असते की हा पाहुणा आपल्या घोड्यांना काही देऊन जाणार नाही. शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, घोड्यांचा अतिशय घातक रोग. तो माणसालाही होतो. सर्रा घोडमाश्यांमधून पसरतो. पायरोप्लाझ्मोसिस गोचिडांमधून येतो आणि बरं झालेलं जनावरही तो बाळगून राहू शकतं. इन्फेक्शस अ‍ॅनिमिया एकदा झाला की घोडा जन्मभर वाहक. इन्फ्लुएंझा तर वाऱ्यासारखा फिरतो. २००८ मध्ये कटऱ्याच्या आसपास सुरू झालेल्या साथीने देशभरातल्या पागांना कसं जेरीस आणलं होतं ते माझ्या वयाच्या कुठल्याही पशुवैद्याला सांगावं लागत नाही. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या सगळ्यांत भयंकर, पण त्यापासून भारत मुक्त असल्याची अधिकृत मान्यता आपल्याला २०१४ पासून आहे. उरलेल्या रोगांचं काय, या प्रश्नाला आपल्याकडे अनेक वर्षं पटेल असं उत्तर नव्हतं. म्हणून इथला घोडा इथेच राहिला.

ही अडचण फक्त आपल्यालाच आली असं नाही. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तीही काही महिने आधीच उरकावी लागली. २००८ मध्ये बीजिंगची घोडेस्वारी हाँगकाँगला गेली, कारण मुख्य भूमीवर घोड्यांच्या आरोग्याची हमी देता येत नव्हती. चीनने मात्र तिथून धडा घेतला. २०१० च्या ग्वांगझो आशियाई स्पर्धेसाठी त्यांनी त्सोंगहुआला अश्वरोगमुक्त क्षेत्र उभारलं आणि पुढे हांगझोसाठी टोंगलूला. आपल्या चौघांनी ज्या वाळूवर सुवर्ण जिंकलं, त्या वाळूभोवती पशुवैद्यकाची अशी अनेक वर्षांची मेहनत होती.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत आपण जिंकलो होतो ते आपल्या घोड्यांवर. रघुबीर सिंग शहजादावर बसून इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे ड्रेसाज, रानातली दौड आणि अडथळ्यांवरच्या उड्या या तिन्हींच्या एकत्र स्पर्धेत, वैयक्तिक सुवर्ण घेऊन गेले, संघालाही सुवर्ण मिळालं. त्या घोड्यांना विमानात बसायचंच नव्हतं. मैदान घरचं, पाणी घरचं, मोतद्दारही रोजचेच. पुढच्या पिढ्यांची गोष्ट बघा. मुंबईचे इम्तियाझ अनीस २००० मध्ये सिडनीला खेळले. त्यानंतर वीस वर्षांत ऑलिम्पिकला एकही भारतीय स्वार नाही. मग टोकियोत फुआद मिर्झा सिन्यर मेडिकॉटवर इव्हेंटिंगमध्ये २३वा आला आणि पॅरिसला अनुष सर कॅरामेलोवर ड्रेसाजमध्ये उतरला, ऑलिम्पिक ड्रेसाज खेळणारा पहिला भारतीय म्हणून. दोघांचेही घोडे जर्मन पैदाशीचे. म्हणजे आपण दर वीस वर्षांनी एखादा जिद्दी माणूस तयार होण्याची वाट बघतो आणि तो झाला की त्याचं स्वागत करतो. याला मी खेळाची व्यवस्था म्हणणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मात्र एक मोठी गोष्ट घडली, आणि खेळाच्या पानांवर तिला जेमतेम चार ओळी मिळाल्या. मीरत छावणीतल्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त कंपार्टमेंट म्हणून मान्यता दिली. भारतातलं हे पहिलंच. इन्फेक्शस अ‍ॅनिमिया, इन्फ्लुएंझा, पायरोप्लाझ्मोसिस, शेंबा आणि सर्रा या पाचांपासून मुक्त. कंपार्टमेंट म्हणजे अख्खा जिल्हा रोगमुक्त करायचा नसतो. घोड्यांचा एक ठरावीक गट घ्यायचा आणि त्याच्याभोवती शिस्तीचं कुंपण घालायचं: आत येणारा माणूस, चारा, पाणी, गाडी, माशी, गोचीड, सगळ्यांवर नजर, ठरल्या वेळी रक्ततपासणी, प्रत्येक गोष्टीची नोंद. त्या नोंदी परदेशातल्या पशुवैद्याला पटल्या की घोड्याला दार उघडतं. ज्यांनी हे मीरतमध्ये करून दाखवलं त्या लष्करी आणि मुलकी पशुवैद्यांना माझा मनापासून नमस्कार. शेणात, घामात आणि कागदपत्रांत वर्षं घालवल्याशिवाय हे होत नाही.

आता माझा तुम्हाला थेट प्रश्न आहे. मीरतच्या त्या पागेत मुलकी स्वाराच्या घोड्याला जागा मिळणार आहे का? मिळणार असेल तर कोणाला, किती दिवसांसाठी, किती खर्चात, आणि निवड कोण करणार? बारामती किंवा नाशिकच्या एखाद्या मुलीकडे चांगला उडी मारणारा घोडा असेल, तर तिच्या पालकांनी अर्ज कुठे करायचा? हे नियम लिहून जाहीर झाले पाहिजेत. लष्कराने आपल्या घोडेस्वारीसाठी जे केलं त्याचं ऋण मोठं आहे. ६१ कॅव्हलरी ही लष्कराची घोडदळ तुकडी नसती तर १९८२ झालंच नसतं. पण हांगझोचे चारही स्वार मुलकी होते. दारं त्यांच्यानंतर येणाऱ्यांसाठी उघडली पाहिजेत.

शो जंपिंगच्या बाबतीत तर प्रवासाला पर्यायच नाही. ड्रेसाजचं मैदान जगात कुठेही गेलात तरी वीस बाय साठ मीटरचं, तीच अक्षरं, त्याच क्रमाने. जंपिंगचा कोर्स मात्र दर वेळी नवा असतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर अर्ध्या पावलाने लांबवलं की सगळं गणित बदलतं. घोड्याला नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. झेप घेताना तो आधी पाहून ठेवलेल्या अडथळ्यावर आणि पाठीवरच्या माणसावर विश्वास ठेवून उडतो. हा विश्वास वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या रंगांच्या दांड्यांसमोर, पाण्याच्या अडथळ्यासमोर, गर्दीच्या आवाजात घट्ट होतो. आपले घोडे वर्षानुवर्षं तीच तीन-चार मैदानं बघतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्ल्ड चॅलेंज स्पर्धा आपल्याकडे होतात, त्या चांगल्याच आहेत: ठरलेला कोर्स प्रत्येक देशाने आपापल्या मैदानावर मांडायचा आणि गुण एकत्र करायचे. मुंबई-बेंगळुरूच्या कित्येक मुलांना त्यातून आपण जगात कुठे आहोत ते कळलं. पण नकाशा एक असला तरी मैदान घरचंच असतं. एक दांडी पडली की चार दंडगुण, हा नियम सगळीकडे सारखा; ती दांडी परक्या मैदानात का पडते, हे घरी बसून शिकता येत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. कुंपण कितीही पक्कं केलं तरी कुंपणाबाहेर रोग धुमसत असेल तर आतली माणसं कायम धास्तीत राहतात. आणि बाहेर काय आहे? वीटभट्टीवरची खेचरं आहेत. लग्नाच्या वरातीतली पांढरी घोडी आहे, टांग्याचं घोडं आहे, माथेरानला पर्यटकांना फिरवणारी घोडी आहेत, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत देशभरातून येणारी देखणी जनावरं आहेत. शेंब्याच्या चाचणीत जनावर बाधित निघालं की कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. हे बरोबरच आहे, दुसरा उपाय नाही. पण ज्याचं घर त्या एका खेचरावर चालतं, त्या माणसाला मिळणारी भरपाई त्या जनावराच्या बाजारभावाच्या जवळपासही जात नाही. मग तो काय करणार? नाकातून शेंबूड गळू लागला की रातोरात जनावर विकतो, जिल्हा बदलतो. मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

तुमच्या बैठकांमध्ये वीटभट्टीवरच्या खेचराचा विषय कधी निघत असेल का? निघाला पाहिजे. आपल्या देशात जंपिंगच्या घोड्याचा युरोपचा परवाना आणि त्या खेचराचं रक्त एकाच धाग्याला बांधलेलं आहे. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र तपासणीचं काम उत्तम करतं, पण नमुना गोळा करायला गावात कोणीतरी जावं लागतं आणि जनावराच्या मालकाने दार उघडावं लागतं. महासंघाने पशुसंवर्धन खात्याकडे भरपाई वाढवण्याची मागणी लावून धरावी. खेळाच्या संघटनेने हे बोलणं विचित्र वाटेल, पण तुमच्या इतकं यात कोणाचंच हित अडकलेलं नाही. शक्य असेल तर महासंघाने, क्लबांनी आणि पैदास करणाऱ्या मोठ्या फार्मांनी मिळून त्या भरपाईत भर घालावी. एका आयात केलेल्या घोड्याच्या किमतीत किती खेचरांच्या मालकांना न्याय मिळेल याचा हिशोब एकदा मांडून बघा.

दुसरं कंपार्टमेंट महाराष्ट्रात व्हावं, ही माझी दुसरी आग्रहाची विनंती. मी इथली आहे म्हणून हे म्हणत नाही. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्याला रेसकोर्स आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पागा आहे, आसपास पैदाशीचे फार्म आहेत, नालबंद आहेत, रक्त तपासून देणारे हात आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे याच पट्ट्यातून देशभरातल्या रायडिंग स्कूलमध्ये जातात आणि आपली बहुतेक मुलं त्यांच्याच पाठीवर पहिली दुडकी शिकतात. मुंबईतून विमानमार्गही सोयीचे. शहराच्या मधोमध असलेली पागा कंपार्टमेंटला चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुण्याबाहेर, वस्तीपासून आणि जनावरांच्या वाटांपासून दूर, बंदिस्त जागा शोधावी लागेल. अशा जागा आहेत. राज्य सरकारशी बोलणी कोण सुरू करणार, एवढंच ठरायचं बाकी आहे.

काही जण मला म्हणतात, थरोब्रेडवर कसलं ड्रेसाज, त्यासाठी हॅनोव्हेरियन नाहीतर ओल्डेनबर्ग अशा जर्मन जातीचाच घोडा हवा. वरच्या पातळीवर हे बऱ्याच अंशी खरं आहे. हांगझोला प्री सेंट जॉर्ज आणि इंटरमीडिएट वन या चाचण्या होत्या; त्यात चौखूर धावताना दर चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या पावलाला पुढचा पाय बदलायचा असतो. ऑलिम्पिकच्या ग्रां प्रीमध्ये तो प्रत्येक पावलाला, सलग पंधरा वेळा. शिवाय पियाफ, म्हणजे जागच्या जागी आवरून केलेली दुडकी, आणि पासाज, म्हणजे पाय उंच उचलत संथपणे पुढे जाणारी दुडकी. पॅरिसला अनुषला ६६.४४४ मिळाले आणि तो पुढच्या फेरीत गेला नाही, त्यातून ही दोन पातळ्यांमधली दरी किती खोल आहे ते दिसतं. एवढं शिकायला घोड्याला कित्येक वर्षं लागतात, आणि ती वर्षं एकाच स्वाराच्या हाताखाली गेली तर सोनं. आज आपला मुलगा इथे एका घोड्यावर पाच वर्षं शिकतो, तिकडे गेल्यावर तो घोडा मागे राहतो आणि परक्या घोड्याशी पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. इथे वाढलेला घोडा तिथे जाऊ शकला, तर चांगल्या जातीची शिंगरं इथे आणून वाढवण्यालाही अर्थ येईल. इव्हेंटिंगमध्ये तर आपला थरोब्रेड आजही कमी पडणार नाही, असं मला वाटतं.

घोड्याच्या कल्याणाबद्दल थोडं लिहिलं पाहिजे. टोकियोच्या आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेत, एका प्रशिक्षिकेने घाबरलेल्या घोड्याला ठोसा मारलेला जगाने पाहिला आणि त्यानंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली गेली. पॅरिसच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनसारख्या ऑलिम्पिक ड्रेसाज विजेतीला, प्रशिक्षण देताना घोड्याच्या पायांवर चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळे माघार घ्यावी लागली, पुढे एक वर्षाची बंदीही आली. हांगझोत आपल्या हृदयला वैयक्तिक अंतिम फेरीतून बाद व्हावं लागलं ते घोड्याच्या पायावर रक्त दिसल्यामुळे. तो निर्णय कितीही कडू लागला तरी पशुवैद्य म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. हीच कडक नजर आपल्या ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धांमध्ये, वॉर्म-अपच्या मैदानावर हवी. नाकपट्टी किती आवळली आहे, टाचेने बरगडीवर केस उडालेत का, तोंडातली कडी जिभेला कापते आहे का, हे मुलांच्या स्पर्धेत प्रत्येक घोड्यामागे तपासणारा माणूस नेमा. दहा वर्षांच्या मुलाला पहिला धडा तिथेच मिळतो.

तुमच्याकडे मनुष्यबळ कमी आहे, न्यायालयीन वादांत तुमची वर्षं गेली आहेत, निवड चाचण्यांवरून दर वेळी वादळ उठतं, हे सगळं मी वाचत असते. तरीही माझ्या मागण्या मी कमी करणार नाही. मीरतच्या पागेत मुलकी घोड्यांच्या प्रवेशाचे नियम हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि इतर भाषांतही संकेतस्थळावर टाका. दुसऱ्या कंपार्टमेंटसाठी महाराष्ट्र शासनाला पत्र द्या आणि ते पत्र जाहीर करा. शेंब्याच्या भरपाईसाठी पशुसंवर्धन खात्याकडे महासंघाच्या नावाने निवेदन जाऊ द्या. पुणे भागात नमुने गोळा करण्यासाठी, वीटभट्ट्यांवर जाऊन मालकांशी बोलण्यासाठी, पागेच्या नोंदी कशा ठेवायच्या हे मोतद्दारांना शिकवण्यासाठी माझ्यासारखे खाजगी पशुवैद्य आठवड्यातला एक दिवस विनामूल्य द्यायला तयार आहेत. मी काही सहकाऱ्यांना विचारूनच हे लिहिते आहे. आम्हाला कुठे आणि कोणाला भेटायचं ते सांगा.

याचं उत्तर मला वैयक्तिक पाठवू नका, जाहीर द्या. सारंगखेड्याच्या घोडेवाल्यालाही ते वाचता आलं पाहिजे.

आपली नम्र,
घोड्यांवर उपचार करणारी एक पशुवैद्य
पुणे